खुब्याचे पैसे

लोकांनी आम्हाला मदत केली याचा मला अजून राग येतो. हे वाचून कोणाला मी कृतघ्न वाटले तर वाटू दे. ज्यांच्यावर कधी मदत घ्यायची वेळ आलेली नाही त्यांना कृतज्ञता फार सोपी वाटते.

दिवेआगरला आमचं घर आहे, मागे नारळी-सुपारीची वाडी आणि वाडीच्या कडेला पर्यटकांसाठी चार खोल्या. खोल्या आधी नव्हत्या. वादळाने वाडी झोपवली, नव्याने लावलेली सुपारी धरायला बरीच वर्षं लागतात, आणि तोवर खायचं काय, म्हणून बँकेचं कर्ज काढून त्या बांधल्या. माझा नवरा तेव्हापासून पाहुण्यांचा धंदा करतो. त्याला धंदा म्हटलेलं आवडत नाही. गाडी अंगणात शिरली की हा पुढे होऊन बॅगा उचलणार, पाहुण्यांना न विचारता शहाळी सोलणार, आणि बिल करताना असा अवघडणार की बघणाऱ्याला वाटावं पैसे द्यायचे ह्यालाच आहेत. इथे लिहिताना मी त्याला अरे-तुरे करते आहे. समोर अहोच म्हणते, पण ते तोंडाच्या सवयीमुळे. त्या वर्षभरात माझ्या मनात त्याच्यासाठी जे शब्द आले त्यात अहो बसत नव्हतं.

दिवाळीचे पाहुणे यायच्या आधी तो पाण्याची टाकी घासायला वर चढला. माणूस लावा म्हटलं होतं. टाकी घासायला कसला माणूस लावायचा, असं म्हणून चढला आणि शेवाळावरून घसरून खालच्या फरशीवर आपटला. माणगावला नेलं, तिथून पनवेलला. खुबा मोडला होता. प्लेट आणि स्क्रू घालून घरी पाठवलं, आणि दोन-तीन महिन्यांनी कळलं की आतलं हाड सुकत चाललंय. डॉक्टर म्हणाले सांधाच बदलावा लागेल, आणि लवकर. पाय आखडत गेला, स्नायू सुकले, तर नंतर नवा सांधा बसवूनही हा माणूस नीट चालणार नाही. मी तिथेच विचारलं, नीट म्हणजे काय. ते म्हणाले, वाडीत वगैरे फिरणं विसरा.

कर्जाचा हप्ता भरता यावा म्हणून आम्ही आरोग्य विम्याचा हप्ता थांबवला होता. पहिल्या ऑपरेशनला माझे दागिने गेले. कर्जाचे हप्तेही मग राहिलेच.

इथे आमच्याकडे येणारा पुण्याचा एक मुलगा मध्ये पडला. मुलगा म्हणते मी त्याला, पण असेल चाळिशीचा. दर वर्षी मित्रांना घेऊन यायचा, माझ्या नवऱ्याला काका म्हणायचा, मोदक खाताना डोळे मिटायचा. बुकिंगसाठी फोन केला तेव्हा त्याला सगळं कळलं. आठवडाभरात त्याने इंटरनेटवर मदतीचं आवाहन टाकलं. अशी आवाहनं जिथे करतात त्या साइटवर हॉस्पिटलचे कागद लागतात, आणि पैसे थेट हॉस्पिटलला जातात. त्याला हे वेळखाऊ वाटलं. त्याच्या मोबाइलमध्ये आमच्या जेवणाच्या पडवीतल्या क्यूआर कोडचा फोटो होता, बिल भरताना काढलेला. तो त्याने आवाहनाखाली चिकटवला, थेट मदतीसाठी इथे पाठवा म्हणून. वर मजकूर होता, कोकणातले आपले साधेभोळे काका. सुपारीच्या व्यापाऱ्याला जो माणूस एका नजरेत जोखतो त्याला हा साधाभोळा म्हणतो. माझ्या डोक्यात तेव्हाच तिडीक गेली होती, पण पैसे येत होते म्हणून गप्प बसले.

आणि पैसे खरंच येत होते. जुने पाहुणे, त्यांचे मित्र, त्यांच्या ऑफिसातले लोक. फोन सारखा वाजायचा. नवरा खाटेवर पडल्या पडल्या चष्मा नाकावर ओढून एका बोटाने उत्तरं लिहीत बसायचा. मला वाटायचं आभार मानतोय. त्या दिवसांत मला बरं वाटत होतं, हे कबूल करते. माणसं चांगली असतात असंही एकदा जावेला फोनवर म्हणाले.

ऑपरेशनची तारीख मिळाली. हॉस्पिटलने आधी रक्कम भरायला सांगितली. मी मोबाइलवरून पाठवायला गेले तर जाईना. पुन्हा केलं, जाईना. तेव्हा श्रीवर्धनला बँकेच्या शाखेत गेले.

तिथला अधिकारी विदर्भाकडचा, तरुण, बोलायला नम्र. नम्र माणसांशी भांडणं फार अवघड जातं. त्याने सांगितलं की आमचं कर्ज थकलंय, खातं एनपीएत, म्हणजे बुडीतात, गेलंय, आणि ज्या खात्यात पैसे जमा झाले ते त्याच कर्जदाराचं त्याच व्यवसायाचं खातं आहे. म्हणून बँकेने होल्ड लावलाय. थकलेली रक्कम वळती करून घ्यायचा बँकेला हक्क आहे.

मी म्हटलं, "ते पैसे आमचे नाहीत. लोकांनी पायासाठी दिलेत."

"मॅडम, खात्यात आले की खातेदाराचे झाले."

"उद्या कोणी वर्गणी माझ्याकडे ठेवायला दिली तर तीही तुम्ही घ्याल?"

त्याने खुर्ची पुढे घेतली आणि समजावून सांगितलं, ते मी आजही मानते. म्हणाला, पैसे ठरावीक कामासाठीच दिलेत, त्या कामासाठीच वापरायचे म्हणून दिलेत, असं स्पष्ट दिसत असेल तर गोष्ट वेगळी होते. तसा पुरावा द्या, मी वर लिहितो.

पुरावा तर माझ्या पिशवीतच होता. नवऱ्याचा फोन मी बरोबर आणला होता, ओटीपी लागला तर असावा म्हणून. मी तो उघडला आणि त्याच्या टेबलावर ठेवला, जवळजवळ आपटलाच. वाचा म्हटलं, एकेक निरोप वाचा, कोणी कशासाठी पाठवलेत ते कळेल.

त्याने वाचलं. बोटाने वर सरकवत गेला. मग फोन फिरवून माझ्यापुढे केला. प्रत्येक देणाऱ्याच्या निरोपाखाली माझ्या नवऱ्याचं एकच उत्तर होतं. आपले पैसे मिळाले, आभार. फुकट घेणार नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा मुक्कामातून वळते करून घेऊ, तोवर आगाऊ समजावेत. काहींना त्याने पुढे लिहिलं होतं, मोदक आहेतच.

"हे तर बुकिंगचे पैसे झाले," अधिकारी म्हणाला. "व्यवसायाची आवक. आणि कर्जही आपण व्यवसायालाच दिलंय."

त्याच्या आवाजात आनंद नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. मी फोन उचलला आणि बाहेर आले. एसटी स्टँडवर बसून मी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने, एका बोटाने, स्वतःच्या खुब्याचे पैसे बँकेला लिहून दिले होते.

आमच्याकडे शेजारून भांडं आलं की ते रिकामं परत जात नाही. घावने आले तर भांडं धुवून त्यात निदान गुळाचा खडा, दोन सुपाऱ्या, काहीतरी घालून द्यायचं. मीही तेच करते, माझ्या आईने केलं, सासूने केलं. पण भांडं शेजारणीचं असतं. आणि घावने आणून देणारी शेजारीण बँकेत पुरावा म्हणून उभी राहत नाही. माझ्या नवऱ्याने हा घरचा रिवाज तीन जिल्ह्यांतल्या अनोळखी माणसांना लावला आणि लेखी लावला.

घरी येऊन मी त्याच्यापुढे उभी राहिले. काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही.

"मी भिकारी नाही," तो म्हणाला.

"मग काय आहात? पाय मोडलाय, खिशात दमडी नाही, लोक पैसे देतायत. ह्याला काय म्हणतात ते सांगा मला."

"त्यांना मी राहायला देणार आहे. हिशेब पूर्ण होईल."

"कोण देणार? खोल्या कोण झाडणार, चादरी कोण धुणार, मोदक कोण वळणार? मी. तुमच्या मानाचा हिशेब मी पूर्ण करणार."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. पायामुळे त्याला कुशीवर वळता येत नव्हतं, नुसती मान वळवली. मला तेव्हा दया यायला हवी होती. आली नाही.

म्हसळ्याला एक सीए आहेत, इकडच्या निम्म्या खोलीवाल्यांचे कागद तेच बघतात. त्यांच्याकडे गेले. त्यांनी ऐकलं आणि हसले, म्हणजे वाईट नाही, पण हसले.

ते म्हणाले, "वहिनी, भेट म्हणाल तर इन्कम टॅक्स. आगाऊ म्हणाल तर बँक."

मी म्हटलं नीट सांगा. त्यांनी सांगितलं. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात पन्नास हजारांच्या वर पैसे आले की ती सगळी रक्कम उत्पन्नात धरतात. मदत म्हणून दिलेत का प्रेमाने दिलेत हे कोणी विचारत नाही. एखाद्या नोंदणी झालेल्या ट्रस्टने दिले असते तर वेगळं झालं असतं.

"दवाखान्यासाठी आहेत तरी?"

"करोनाच्या उपचाराला तेवढी सूट दिली होती. खुब्याला नाही."

आणि आगाऊच म्हटलं, तर आज कर नाही, पण बँक एक पैसा सोडणार नाही, आणि वर पाहुणे खोल्या मागायला येतील ते वेगळेच. त्यांचं म्हणणं पडलं की भेट म्हणणंच बरं. कर नंतर भरता येतो, पाय नंतर करता येत नाही. त्यासाठी देणाऱ्यांकडून लिहून आणा की हे ऑपरेशनसाठी दिलेत, परत काही नको. आणि नवऱ्याने स्टँप पेपरवर लिहून द्यायचं की मुक्कामाचं बोलणं शिष्टाचाराचं होतं, पैसे मदत म्हणूनच घेतले.

मी फोन करायला बसले. ह्या माणसांना आधी मनातल्या मनात देवमाणसं म्हणून झालं होतं. बहुतेकांनी लिहून दिलं, ते मी नाकारत नाही. पण एका बाईंनी विचारलं, मग आमचं मे महिन्याचं कसं, आम्ही तर त्यातच धरलं होतं. एकाला ऐंशी-जीची पावती हवी होती, करात सूट घ्यायला. मी म्हटलं आम्ही संस्था नाही, एक माणूस आहोत, तर तो म्हणाला मग तसं आधी सांगायला हवं होतं. एक जण म्हणाला की बँकेचं लफडं असेल तर माझे परत पाठवा. होल्ड लागलेल्या खात्यातून मी त्याला काय पाठवणार होते. दिलेल्या पैशाला शेपूट किती लांब असतं ते मला त्या आठवड्यात कळलं. सावकार, सरकार, आणि देणारा, तिघांनीही त्या पैशाचं एकेक टोक धरलं होतं. ज्याचा पाय मोडला होता त्याच्या हातातच काही नव्हतं.

आणि त्याला ते हवंही नव्हतं. स्टँप पेपर मी त्याच्या उशाशी ठेवला. त्याने हात लावला नाही.

"एकदा लिहिलं ते लिहिलं," तो म्हणाला. "आता मी ते खोटं होतं म्हणून सांगू?"

"हो. सांगा."

"नाही."

दिवस जात होते. हॉस्पिटलने दिलेली तारीख गेली, दुसरी घेतली. पाय खरंच आखडायला लागला होता, मला दिसत होतं. संडासला जाताना तो भिंत धरून सरकायचा आणि मी मागे उभी राहिले तर चिडायचा. आमच्याकडे कामाला येते ती बाई एकदा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "वयनी, ते जेवत न्हायत. ताट तसंच हाय." मी म्हटलं राहू दे. माझं तेव्हा त्याच्याशी बोलणं बंद होतं. मला त्याला हाताला धरून गदागदा हलवावंसं वाटायचं. मान कोणाला नको असतो. पण ह्याने आपला मान माझ्या उरलेल्या आयुष्यावर ठेवला होता. लंगडा नवरा आणि चार खोल्या मीच ओढणार होते.

मग तो पुण्याचा आला. न सांगता आला, दोन मित्रांना घेऊन, मुरुडला चाललो होतो म्हणून वाट वाकडी केली म्हणाला. हातात फळांची करंडी. मी त्याच्याशी नीट बोलले नाही. तो सरळ आतल्या खोलीत गेला.

नवऱ्याचा चेहरा उजळला. कित्येक दिवसांनी तो उठून बसला, उशी पाठीशी घेतली. मला हाक मारून म्हणाला, "अगं, खोली उघडून दे त्यांना. कडेची दे, वाऱ्याची. ह्यांचे आपल्याकडे जमा आहेत."

"नाही नाही काका, आम्ही थांबणार नाही," तो म्हणाला. मग मित्रांकडे वळून, "हे ते काका. ह्यांच्यासाठीच आपण कलेक्शन केलं." मित्रांनी नमस्कार केला. त्यातला एक फार हळू आवाजात बोलत होता, आजारी माणसापाशी बोलतात तसा. मग पुण्याच्याने मोबाइल काढला. ज्यांनी पैसे दिलेत त्यांना अपडेट हवा असतो, म्हणाला, एक फोटो घेऊ का. पायाकडून घेतो, प्लास्टर वगैरे काही नाही का? नुसता पाय चालेल.

नवरा म्हणाला, "फोटो कशाला. सगळ्यांना मी लिहिलंय, याल तेव्हा वळते करून घेऊ. एकेकाचं लक्षात आहे माझ्या."

तेव्हा तो मनापासून हसला. त्याच्यात वाईटपणा नव्हता, आजही नाही. म्हणाला, "काय काका तुम्ही पण. ते कोणी सिरियसली घेतलंच नव्हतं. मदत आहे ती. ग्रुपवर सगळे म्हणत होते, काका किती गोड आहेत."

मी दारात उभी होते. माझ्या नवऱ्याने पांघरूण ओढून पाय झाकला. मग म्हणाला, काढा फोटो, आणि पांघरूण परत बाजूला केलं.

गाडी गेल्यावर त्याने मला पेन मागितलं. मी दिलं. काय लिहायचं ते सीएंनी छापूनच दिलं होतं, सही तेवढी करायची होती. मुक्कामाबाबतचा मजकूर केवळ शिष्टाचार म्हणून लिहिला, रकमा मदत म्हणून स्वीकारल्या. त्याने सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि सही केली. मी जिंकले होते. मी तो कागद घेऊन दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने श्रीवर्धनला गेले.

अधिकाऱ्याने शब्द पाळला, वर लिहिलं. वरून उत्तर यायला वेळ लागला, मी तीन-चार खेपा घातल्या, एकदा त्या शाखेत मोठ्याने बोलले आणि लोक बघायला लागले. शेवटी ज्यांनी लिहून दिलं होतं त्यांचे पैसे सुटले, बाकीचे कर्जात गेले. हॉस्पिटलला भरायला कमी पडले ते माझ्या भावाने दिले. प्राप्तिकर मी त्या वर्षीच्या विवरणपत्रात भरला, इतर उत्पन्न म्हणून, नवऱ्याच्या खुब्यावर. सीए म्हणाले, वहिनी, थोडक्यात सुटलात. मी त्यांना त्यांची फी दिली.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात. वॉकर सुटला, मग काठी सुटली. आता तो न लंगडता चालतो, अनोळखी माणसाला सांगून खरं वाटणार नाही. खोल्या चालू आहेत, बिलं मी करते, आणि मी अवघडत नाही. ज्यांनी पैसे दिले होते तेही येतात. मी त्यांना पूर्ण दर लावते. मदत ती मदत, त्यांनीच लिहून दिलंय.

बॅगा आता कामाची बाई उचलते. फाटकाशी हॉर्न वाजला की माझा नवरा खुर्चीतून उठतो, कशाचाही आधार न घेता, आणि मागच्या दाराने वाडीत निघून जातो. गाडी परत जाईपर्यंत येत नाही. पाहुणे बॅगा ठेवतात, पाणी पितात, आणि विचारतात की काका कुठे आहेत, चालतात ना आता.

मी सांगते, हो, अगदी छान चालतात.